सयाजीरावांनी ज्याच्याकडे पाठ फिरवली, तो पाचवा जॉर्ज

बडोद्याच्या मराठी घरांत दिल्ली दरबाराची जी गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, तिच्यात, ज्याच्या राज्यारोहणासाठी हा दरबार भरला त्या ब्रिटिश बादशहा पाचव्या जॉर्जच्या वाट्याला एकही वाक्य येत नाही. १२ डिसेंबर १९११ रोजी सयाजीराव महाराज निजामाच्या पाठोपाठ मुजऱ्यासाठी पुढे गेले, अंगावर जडजवाहिराचा साज नव्हता, हातात साधी काठी होती, एकदाच मान लववून ते वळले आणि बादशहाकडे पाठ करून चालू लागले. इतके सांगून झाले की सांगणारा समाधानाने थांबतो. पुढे त्या प्रसंगाची फिल्म लंडनमध्ये दाखवली गेली, तिथल्या वृत्तपत्रांनी गहजब केला आणि महाराजांना व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्याकडे खुलाशाचे पत्र पाठवावे लागले, हा भाग मात्र घाईने उरकला जातो. महाराजांनी ते जाणूनबुजून केले की त्या गर्दीगोंधळात त्यांच्याकडून तसे घडले, यावर रावपुऱ्यापासून दांडिया बाजारापर्यंत पुष्कळ वाद होऊन गेले आहेत आणि त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. माझे कुतूहल आहे ते समोर सिंहासनावर बसलेल्या माणसाविषयी.

त्या माणसाने त्या दिवशी आपल्या रोजनिशीत काय लिहिले हे उपलब्ध आहे. ब्रिटिश राजमुकुट देशाबाहेर न्यायचा नाही असा दंडक असल्यामुळे या दरबारासाठी ६,१७० हिरे जडवलेला एक स्वतंत्र मुकुट घडवण्यात आला होता. साडेतीन तास तो डोक्यावर बाळगून आपण थकलो, तो चांगलाच जड असल्यामुळे डोके दुखले, अशी नोंद जॉर्जने केली. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा ज्या दिवशी झाली, त्या दिवसाची ही नोंद आहे. १८८० पासून मृत्यूच्या तीन दिवस आधीपर्यंत त्याने ही रोजनिशी लिहिली, आणि तिचा सूर बहुतेक असाच, जहाजावरील नोंदवहीसारखा कोरडा आहे. त्याचे चरित्र वाचताना माझ्या मनात एक विचार पक्का होत गेला, तो असा की या माणसाने घर आणि गादी यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी गादी निवडली. त्यामुळे गादी टिकली आणि किंमत घरातल्यांनी मोजली.

मुळात ती गादी त्याची नव्हतीच. ३ जून १८६५ रोजी लंडनच्या मार्लबरो हाउसमध्ये जन्मलेला जॉर्ज हा तेव्हाच्या युवराजाचा, म्हणजे पुढील सातव्या एडवर्डचा, दुसरा मुलगा. थोरला अल्बर्ट व्हिक्टर त्याच्याहून दीड वर्षाने मोठा. १८७७ मध्ये दोघांनाही डार्टमथ येथे नौदलाच्या शिक्षणासाठी पाठवण्यात आले आणि नंतर ‘बॅकान्टे’ या युद्धनौकेवरून ते जग हिंडून आले. जपानमध्ये जॉर्जने दंडावर ड्रॅगन गोंदवून घेतला होता, ही त्याच्या आयुष्यातील बहुधा एकमेव बेशिस्त. धाकट्याने नौदलातच राहावे असा बेत होता. डिसेंबर १८९१ मध्ये अल्बर्ट व्हिक्टरचा विवाह टेकच्या राजकन्या मेरीशी ठरला आणि पुढच्याच महिन्यात, १४ जानेवारी १८९२ रोजी, इन्फ्लुएन्झाच्या साथीत न्यूमोनिया होऊन तो सँड्रिंगहॅम येथे वारला. आजी राणी व्हिक्टोरिया हिला मेरी नातसून म्हणून पसंत होती. तेव्हा ६ जुलै १८९३ रोजी मेरीचा विवाह जॉर्जशी झाला. हे सर्व वाचताना एखाद्या सरदार घराण्यातील वडीलधाऱ्यांनी सुतक फिटताच बैठकीत बसून सोयरीक उरकून टाकावी, तसे वाटते.

तरीही हा संसार सुखाचा झाला. बापाच्या रंगेलपणाचा वारसा जॉर्जने घेतला नाही. बाहेरख्यालीचा डाग त्याच्यावर नाही. नवरा-बायको दोघेही इतके संकोची होते की मनातले प्रेम समोरासमोर बोलणे त्यांना जमत नसे, म्हणून ते एकमेकांना पत्रे लिहीत. सँड्रिंगहॅमच्या आवारात यॉर्क कॉटेज नावाचे एक अडचणीचे घर होते. बादशहा झाल्यावरही बरीच वर्षे तो तिथेच रमत असे. शिकार आणि पोस्टाची तिकिटे हे त्याचे दोन नाद. १९०४ मध्ये मॉरिशसच्या दोन पेन्सच्या एका तिकिटासाठी त्याने १,४५० पौंड मोजले होते, आणि दरबारानंतर नेपाळच्या तराईत दहा दिवसांत त्याने २१ वाघ मारले. दुसऱ्या नादाबद्दल आज अभिमानाने लिहावे असे काही नाही.

मुले सहा झाली: एडवर्ड, अल्बर्ट, मेरी, हेन्री, जॉर्ज आणि जॉन. या मुलांच्या बालपणाविषयी वाचताना मला वारंवार पुस्तक खाली ठेवावेसे वाटले. एडवर्डला सांभाळणारी दाई संध्याकाळी त्याला आईवडिलांसमोर नेण्यापूर्वी मुद्दाम चिमटा काढीत असे, म्हणजे ते रडणारे मूल लगेच तिच्या हवाली केले जाई; हा प्रकार आईच्या लक्षात यायला फार काळ गेला. अल्बर्ट डावखुरा होता, त्याला उजव्या हाताने लिहायला भाग पाडले गेले. गुडघे आत वळलेले म्हणून पायांना खपच्या बांधल्या गेल्या. त्यात तो तोतरा बोलू लागला आणि शब्द अडला की वडील ‘बोलून टाक’ म्हणून खेकसत. मी माझ्या बापाला भीत असे, माझी मुले मला भितील याची मी काळजी घेईन, असे जॉर्जचे म्हणून एक वाक्य सर्वत्र उद्धृत होते. ते त्याने खरोखर उच्चारले याविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे, आणि सातवा एडवर्ड मुलांशी प्रेमाने वागे हे पाहता ती शंका रास्त वाटते. परंतु वाक्य खोटे असले तरी मुलांची भीती खरी होती. मोज्याची घडी विस्कटलेली असली किंवा पदक चुकीच्या जागी लागलेले असले की जहाजावरच्या कप्तानाने खलाशाला धरावे तसे बोलणे त्यांना ऐकावे लागे.

सर्वांत धाकटा जॉन १९०५ मध्ये जन्मला. लहानपणीच त्याला अपस्माराचे झटके येऊ लागले, आणि शेवटची सुमारे दोन वर्षे तो सँड्रिंगहॅमच्या हद्दीतील वुड फार्म या घरात शार्लट बिल या आपल्या दाईसोबत भावंडांपासून वेगळा राहिला. १८ जानेवारी १९१९ रोजी झोपेतच त्याचा अंत झाला, तेव्हा तो १३ वर्षांचा होता. राजघराण्याने मूल दडवून ठेवले, असा आरोप हल्ली सर्रास केला जातो. तो मला पूर्णपणे पटत नाही. त्या काळी अपस्मारावर गुणकारी उपचार नव्हते, दाई जीव लावणारी होती आणि आजी अलेक्झांड्राचे घर जवळच होते. पण धाकट्या मुलाच्या वाट्याला बापाचा किती वेळ आला, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बाजूने पाहिले तरी सुखावह नाही.

इथे बडोदेकराने जरा आपल्या घरातही डोकावावे. नाशिककडील कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक विधानाने सयाजीराव झाला, म्हणजे गादी जन्माने त्याचीही नव्हती. आणि ज्या काटेकोरपणाने महाराजांनी संस्थान चालवले, सक्तीचे शिक्षण आणले, ग्रंथालये उभारली, त्याच काटेकोरपणाने त्यांनी मुले वाढवली. ऑक्सफर्ड आणि हार्वर्डपर्यंत शिकायला पाठवलेल्या या मुलांपैकी फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये, वडिलांच्या डोळ्यांदेखत गेले. शिवाजीराव आणि जॉन यांचे मृत्यू एकाच वर्षातले आहेत. आमच्याकडे महाराजांच्या कर्तृत्वावर व्याख्यानमाला होतात. त्यांच्या मुलांविषयी कोणी फारसे बोलत नाही.

मुलीने मात्र बापाला चकित केले, आणि तेही याच दरबाराच्या धामधुमीत. इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला होता. दिल्लीत कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी त्यांचा परिचय वाढला, त्यांनी ग्वाल्हेरची सोयरीक स्वतः मोडली आणि १९१३ मध्ये लंडनला जितेंद्र यांच्याशी विवाह केला. माधवरावांनी नंतर दुसरीकडे लग्न केले, आणि बादशहावरील त्यांची निष्ठा इतकी की मुलीचे नाव मेरी कमलाराजे आणि १९१६ मध्ये झालेल्या मुलाचे नाव जॉर्ज जिवाजीराव ठेवले. एका मराठा संस्थानाने जॉर्जकडे पाठ फिरवली असे म्हणत आपण छाती फुगवतो, तेव्हा दुसऱ्या मराठा संस्थानाच्या पाळण्यात त्याचेच नाव ठेवले गेले होते, हे इंदूर-ग्वाल्हेरकडचे आमचे नातेवाईक न विसरता ऐकवतात.

घर की गादी, हा प्रश्न सर्वांत उघडपणे १९१७ मध्ये उभा राहिला. जर्मनीचा कैसर विल्हेल्म हा जॉर्जचा सख्खा आतेभाऊ. रशियाचा झार निकोलस हा मावसभाऊ, आणि दोघांची चेहरेपट्टी इतकी जुळती की छायाचित्रात कोण कोणता हे नीट पाहून सांगावे लागते. महायुद्ध चालू असताना घराण्याचे नाव मात्र जर्मन, सॅक्स-कोबर्ग-गोथा, आणि जून १९१७ मध्ये लंडनवर बाँब टाकणाऱ्या जर्मन विमानांचे नावही गोथाच. १७ जुलै १९१७ रोजी जॉर्जने घराण्याचे नाव बदलून विंडसर असे केले. त्याआधी मार्चमध्ये पदच्युत झालेल्या झारच्या कुटुंबाला ब्रिटनमध्ये आश्रय देण्याची तयारी सरकारने दाखवली होती. परंतु झारविषयी जनतेत चीड आहे आणि ती आपल्यावर उलटेल, या भीतीने जॉर्जने आपले खाजगी सचिव लॉर्ड स्टॅमफर्डहॅम यांच्याकरवी सरकारला पत्रांवर पत्रे पाठवून ते आमंत्रण मागे घेण्याचा आग्रह धरला. दीर्घकाळ याचा दोष पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांच्या माथी मारला जात होता. कागदपत्रे बाहेर आल्यावर खरा आग्रह कोणाचा होता ते कळले. नाव बदलल्याला बरोबर वर्ष झाले त्या दिवशी, १७ जुलै १९१८ रोजी, एकातेरिनबर्गच्या तळघरात निकोलस, त्याची पत्नी आणि पाचही मुले गोळ्या घालून मारली गेली. युरोपातील तीन मोठ्या राजघराण्यांची सिंहासने त्या युद्धात कोसळली आणि जॉर्जचे उभे राहिले, हे लक्षात घेतले तर त्याचा निर्णय चुकला असे म्हणणे कठीण आहे. क्षमा करणेही तितकेच कठीण आहे.

उतारवयात तो थोडा मवाळ झाला. १९२८ च्या अखेरीस फुफ्फुसाच्या आजाराने तो मरता मरता वाचला आणि हवापालटासाठी समुद्रकाठी राहायला गेला, तेव्हा अल्बर्टची तीन वर्षांची मुलगी एलिझाबेथ हिला मुद्दाम त्याच्या सोबतीला बोलावून घेण्यात आले. मुलांना ज्या आजोबाचा धाक होता, तोच नातीचा घोडा होऊन गुडघ्यांवर रांगत होता आणि नातीने त्याची दाढी धरली होती, हे दृश्य कँटरबरीच्या आर्चबिशपने पाहिले. मुलांना जे मिळाले नाही ते नातीला मिळाले. हे आपल्याकडेही घरोघरी दिसते.

थोरल्या एडवर्डशी मात्र त्याचे कधी जमले नाही. हा युवराज नोव्हेंबर १९२१ मध्ये बडोद्यालाही येऊन गेला होता. देखणा, लोकप्रिय, आणि विवाहित स्त्रियांच्या नादी लागणारा. माझ्यामागे हा पोरगा वर्षाच्या आत स्वतःचा नाश करून घेईल, असे जॉर्जने पंतप्रधान बाल्डविन यांच्यापाशी म्हटले होते. १९३६ च्या जानेवारीत इकडे बडोद्यात सयाजीरावांच्या हीरकमहोत्सवाची धामधूम होती आणि तिकडे सँड्रिंगहॅमला जॉर्ज अंथरुणाला खिळला होता. २० जानेवारीच्या रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी तो वारला. पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये, राजवैद्य लॉर्ड डॉसन यांची टिपणे प्रसिद्ध झाली आणि त्यांनीच मॉर्फिन व कोकेनची इंजेक्शने देऊन मृत्यू लवकर घडवून आणला होता हे उघड झाले. बातमी सायंकाळच्या हलक्या पत्रांऐवजी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये आधी यावी, हेही एक कारण त्यांनी नोंदवले आहे. आयुष्यभर गादीच्या सोयीने जगलेल्या माणसाच्या मृत्यूची वेळसुद्धा अशी वर्तमानपत्राच्या छपाईवर बेतली गेली.

सातव्या एडवर्डच्या काळापासून सँड्रिंगहॅमची घड्याळे शिकारीसाठी अर्धा तास पुढे ठेवलेली असत आणि जॉर्जने ती प्रथा कटाक्षाने पाळली होती. नव्या राजाने पहिल्याच रात्री ती मागे करवली. ११ डिसेंबर १९३६ रोजी, वॉलिस सिम्प्सन हिच्याशी विवाह करण्यासाठी, त्याने गादी सोडली आणि तोतऱ्या अल्बर्टला सहावा जॉर्ज व्हावे लागले. युद्धात इतरांनी एवढे मोठे त्याग केले असताना त्यांचा राजा त्याहून लहान त्याग करायला तयार होत नाही, हे त्या लोकांना समजेनासे झाले, असे मेरीने १९३८ मध्ये थोरल्याला लिहिले. जॉननंतर धाकटा जॉर्ज १९४२ मध्ये विमान अपघातात गेला आणि १९५२ मध्ये सहावा जॉर्जही गेला. तीन मुलगे आधी पोचवून मेरी २४ मार्च १९५३ रोजी वारली. आपल्या मृत्यूमुळे नातीचा राज्याभिषेक पुढे ढकलू नये, असे तिने आधीच सांगून ठेवले होते, आणि तो ठरल्याप्रमाणे २ जूनला पार पडला.