मेल गेला, पण पोहोचलाच नाही

स्पॅममध्ये पडलेला मेल निदान शोधता तरी येतो. खरा त्रास प्रोव्हायडरने (मेल सेवा देणाऱ्या कंपनीने) गुपचूप गिळलेल्या मेलचा. त्यापेक्षा सरळ नकार परवडला.

परत आलेला मेल लगेच पुसू नका, त्यातला आकडा वाचा. ४ ने सुरू होत असेल (४५०, ४५१) तर नकार तात्पुरता. सर्व्हर थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा पाठवतो. ५५० म्हणजे दार बंद. सोबत ब्लॉकलिस्टचा उल्लेख असेल तर बहुधा पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) काळ्या यादीत आहे, आणि शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेकजण वापरतात तिथे) तो शेजाऱ्याच्या उद्योगांमुळेही जातो.

स्वतःचं डोमेन असेल तर एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची नोंद), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तपासा. एसपीएफमध्ये डीएनएस (डोमेनच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) चौकश्या १० च्या वर गेल्या की नोंद असूनही बाद. मेल पाठवणारी एकेक सेवा त्या नोंदीत 'इन्क्लूड' करत गेलं की हे हमखास होतं. फॉरवर्ड केलेल्या मेलवर एसपीएफ बहुतेकदा तुटतंच, कारण आयपी मधल्या सर्व्हरचा दिसतो. तिथे डीकेआयएमच तारतं, तेही मधल्याने मजकुराला हात लावला नसेल तर.

मेल घेणाऱ्याने मात्र ब्राउझरमधून वेबमेल उघडून स्पॅम फोल्डर बघावा. पॉप३ वर (सर्व्हरवरून मेल ॲपमध्ये उतरवायची एक पद्धत) फक्त इनबॉक्स उतरतो. अडवलेला मेल तिकडे सर्व्हरवरच पडून राहतो.