पोस्टर एका मालिकेचं, भाग दुसरीचे

आज घरच्या मीडिया सर्व्हरच्या (आपल्याच व्हिडिओ फाइली पोस्टरसकट मांडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लायब्ररीत 'द ऑफिस' उघडलं. पोस्टर २००५च्या अमेरिकन मालिकेचं, आणि प्ले केल्यावर सुरू झाली २००१ची ब्रिटिश. फोल्डरचं नाव नुसतंच 'द ऑफिस', वर्षच नाही. सर्व्हर आतला व्हिडिओ बघत नाही, नाव वाचून अंदाज बांधतो. मग दुसरं काय होणार?

उपाय सोपा: सर्व्हर प्लेक्स असेल तर मालिकेच्या तीन टिंबांवर 'फिक्स मॅच', जेलीफिन असेल तर 'आयडेंटिफाय'. वर्ष टाकून शोधा, योग्य मालिका निवडा, झालं. पण फोल्डरचं नाव तसंच ठेवलं तर लायब्ररी नव्याने बनवताना पुन्हा तोच घोळ. म्हणून नावापुढे कंसात वर्ष घालाच. आत 'सीझन ०१', फाइलच्या नावात एस०१ई०१, म्हणजे सीझन १, भाग १ (अर्थात रोमन अक्षरांत). तरीही चुकलं तर टीव्हीडीबी या मालिकांच्या ऑनलाइन माहितीकोशातला त्या मालिकेचा आयडी फोल्डरच्या नावातच द्या: प्लेक्सला महिरपी कंसात, जेलीफिनला चौकोनी.

खरी डोकेदुखी वेगळीच. मालिका बरोबर, पण भाग सरकलेले! 'फायरफ्लाय' या अमेरिकन मालिकेचा पहिला भाग वाहिनीने दाखवला थेट डिसेंबर २००२मध्ये, बाकीचे बरेच भाग होऊन गेल्यावर. डीव्हीडीवर मात्र तोच पहिला. फाइली डीव्हीडीच्या क्रमाने आणि माहिती प्रसारणाच्या क्रमाने असली की नाव एका भागाचं, गोष्ट दुसऱ्याची. इथे 'फिक्स मॅच' कितीदाही करा, उपयोग नाही. मालिकेच्या एडिटमध्ये जाऊन भागांचा क्रम डीव्हीडीचा करा आणि मेटाडेटा (म्हणजे भागांची नावं आणि माहिती) रिफ्रेश करा.

तुमच्याकडे असा क्रम कोणत्या मालिकेचा बिघडलाय?