कानावर शिवलेलं बटण

कुस्तीच्या सरावात डोकं जोडीदाराच्या पकडीतून ओढून काढलं, तेव्हा डावा कान त्याच्या दंडाखाली चुरगळला. तसा तो रोजच चुरगळतो, म्हणून लक्ष दिलं नाही. रात्री आरशात पाहिलं तर कानाच्या वरच्या भागातल्या घड्या गायब! त्या जागी जांभळट, तुकतुकीत फुगवटा. बोट टेकवलं की आतलं काहीतरी हलकेच सरकायचं, पाणी भरलेल्या फुग्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सीनियर मुलं म्हणाली, "कान मोडला, आता शोभतोस पैलवान." खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्याच झाल्या. त्या नादात दीड दिवस नुसता बर्फ लावत बसलो. बर्फ वाईट नाही, सुरुवातीला सूज आवरायला मदत होते. पण साचलेलं रक्त बर्फाने जात नाही, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शेवटी ठणका वाढला तेव्हा जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जागा बधिर करून सुईने रक्त ओढलं. सिरिंज काळपट लाल रंगाने भरत गेली आणि कान डोळ्यांदेखत बसला. वर कापूस ठेवून डोक्याभोवती घट्ट पट्टी बांधली, उद्या दाखवायला या म्हणाले. रात्री पट्टी इतकी करकचली की मी ती सैल केली. सकाळी कान पुन्हा टम्म.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी पट्टीचं विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी कागदावर तीन रेघा काढल्या. मधली जाड रेघ कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारं लवचिक हाड म्हणा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या पातळ आवरणातून ती पोसली जाते. कान जोरात घासला किंवा मार बसला की भिंतीच्या रंगाचा पोपडा सुटावा तसं हे आवरण सुटतं आणि फटीत रक्त भरतं. कूर्चेची उपासमार होते, ती मरायला लागते आणि त्या पोकळीत वेडीवाकडी नवी कूर्चा तयार होते. तोच तो फ्लॉवरसारखा कान. खालची मऊ पाळी या भानगडीतून सुटते, कारण तिच्यात कूर्चाच नसते.

"रक्त काढणं हे अर्धंच काम," ते म्हणाले. "आवरण परत चिकटेपर्यंत फट दाबून धरावी लागते. तुम्ही नेमकं तेच सोडलंत."

यावेळी कानाच्या मुळाशी चारी बाजूंनी बधिर करायचं इंजेक्शन. ते चरचरतं, बाकी काही नाही. कानाच्या घडीत लपेल असा छोटा छेद देऊन गुठळ्या धुऊन काढल्या. मग दातांचे डॉक्टर गालात ठेवतात तसले कापसाचे रोल घेतले, एक कानाच्या पुढे, एक मागे, आणि आरपार टाके घालून दोन्ही आवळले. शर्टाला बटण शिवावं तसं. दुखत नव्हतं, पण सुई कूर्चेतून जातानाचा बारीक करकर आवाज त्याच कानात ऐकू येत होता. तो मात्र अजून विसरलेलो नाही.

सोबत अँटिबायोटिक दिलं, कारण कूर्चेत जंतुसंसर्ग झाला तर कानाचा आकार अजूनच बिघडतो. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन घ्यायची नाही, रक्त पुन्हा साचू शकतं. ठणका वाढला, कान गरम-लाल झाला, पू किंवा ताप आला तर त्याच क्षणी यायचं. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, रक्त साचलं नव्हतं.

ते सात दिवस उजव्या कुशीवर काढले. आंघोळीला डोक्यावरून पाणी बंद, सराव बंद. लोक कानाकडे बघून हसू दाबायचे. आठव्या दिवशी टाके निघाले. त्यानंतरही आणखी आठवडाभर मॅटवर पाय ठेवायचा नाही अशी ताकीद होती.

आता कानाच्या वरच्या वळणात एक बारीकशी कडक गाठ राहिली आहे, माहीत असेल त्यालाच दिसते. मी आठ-दहा दिवस लावले असते तर रक्त घट्ट होऊन कान उघडून खरवडावा लागला असता. आणि आकार एकदा पक्का बिघडला की मोठ्या शस्त्रक्रियेखेरीज सरळ होत नाही. तीसुद्धा कुस्ती सोडल्यावर केलेली बरी, असं डॉक्टरांचं मत.

परत गेलो तो कान झाकणारं हेडगिअर घालूनच. "कानाला एवढा जपतोस?" असं एकाने विचारलंच. हनुवटीखालचा पट्टा घामाने खाजतो, आवाजही थोडे दबलेले येतात. त्यामुळे त्याचं पुढचं वाक्य मला ऐकूच आलं नाही.