तुम्ही विचारलंत म्हणून : ‘नुसत्या डोळ्यांनी दिसणार ना?’

नवा धूमकेतू सापडल्याची बातमी आली की हा प्रश्न येतोच. ‘आत्ता सांगता येत नाही’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. इतकी वर्षं आकाश बघता आणि एवढंही सांगता येत नाही?

कोणत्या तारखेला कोणत्या नक्षत्रात असेल ते विचारा, महिनोन्‌महिने आधी सांगते. अडतं ते तेजापाशी. ऊर्ट मेघातून, म्हणजे सूर्यमालेच्या अगदी कडेच्या बर्फाळ गोळ्यांच्या थव्यातून, पहिल्यांदाच आत येणाऱ्या धूमकेतूवरचा कार्बन मोनॉक्साइडसारखा बर्फ सूर्यापासून फार लांब असतानाच वायू होऊन उडू लागतो, सोबत धूळ उधळतो. धूमकेतू लवकर उजळतो. तोच वेग पुढे धरून गणित मांडलं की आकडा भलताच मोठा येतो. मग हा बर्फ सरतो, पाण्याच्या बर्फाची पाळी येते, आणि उजळणं रेंगाळतं. केंद्रक, म्हणजे धूमकेतूचा मधला घट्ट गोळा, किती मोठं, किती ठिसूळ, हे तोवर धुळीआडच असतं.

आयसॉन या धूमकेतूचं असंच झालं. सप्टेंबर २०१२मध्ये सापडला तेव्हा तो गुरूच्या कक्षेपलीकडे होता, आणि तेव्हापासूनच ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून गाजला. २८ नोव्हेंबर २०१३ला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम १२ लाख किलोमीटरवरून जाणार होता. लवजॉय धूमकेतू २०११मध्ये याहून जवळून जाऊन बाहेर पडलेला आम्ही पाहिला होता, म्हणून आशा होती. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या चित्रांत सूर्य झाकणाऱ्या तबकडीकडे तो सरकत गेला, टोक बारीक होत गेलं. सूर्यावर नजर असलेल्या दुसऱ्या एका यानाला तो दिसलाच नाही. संपला, असं सगळे म्हणू लागले. आणि तबकडीच्या पलीकडून पंख्यासारखा एक पांढुरका फराटा निघाला! मी एकेक चित्र पुन्हा उघडत राहिले. एक-दोन दिवसांत फराटा विरत गेला. डिसेंबरात हबल या अवकाश दुर्बिणीलाही तिथे काही सापडलं नाही. ज्यांना ‘डिसेंबरात पहाटे उठा’ सांगितलं होतं, त्यांचे फोन घेणं जड गेलं.

त्यानंतर मी ठरवलं होतं, विचारलं की ‘दिसणार नाही’ म्हणायचं. तेही टिकलं नाही. २०२४मध्ये त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू सूर्यापाशी पोचायच्या आधीच फुटेल, असं एका जाणत्या अभ्यासकाने लिहिलं होतं. ऑक्टोबरात तो संध्याकाळच्या आकाशात लांब शेपटीसह नुसत्या डोळ्यांनी दिसला. ‘नाही’ ऐकून घरात बसलेल्यांना मी काय सांगितलं असतं?

म्हणून तारीख आणि दिशा माझ्याकडून घ्या. तेजाचं विचारलंत, तर अजूनही ‘सांगता येत नाही’ असंच म्हणेन, आणि ते टाळाटाळ म्हणून नाही.