ॲस्टर मागितलं, ॲस्टरच मिळालं

माझी बाग जूनमध्ये पाहुण्यांना हाताला धरून दाखवावी अशी असायची आणि ऑगस्टमध्ये खिडकीचा पडदा ओढून घ्यावा अशी. (उन्हाळा थंड मुलखातला, जून ते ऑगस्ट.) चूक माझीच. रोपं घ्यायचो मे महिन्यात, आणि तेव्हा नर्सरीत जे फुललेलं दिसेल तेच उचलायचो. उशिरा फुलणारी रोपं मे महिन्यात नुसता पाला असतात, त्यांच्याकडे बघतो कोण!

शेवटी ठरवलं, आता उशिरा फुलणारीच आणायची. त्यातली रुडबेकिया, एकिनेशिया, हेलेनियम लगेच जमली. घोडं अडलं ते ॲस्टरवर.

मला बहुवर्षायू हवं होतं, सप्टेंबरात फुलणारं. यादीत लिहिलं, ‘ॲस्टर, सहा’. रोपं आली, झकास फुलली, थंडीत गेली. वसंतात रोज उकिडवं बसून बोटाने माती उकरायचो, कुठे फूट दिसते का. नर्सरीत फोन केला तर उत्तर, “उशिरा फुटतात, धीर धरा.” मे संपेस्तोवर धरला. मग पुन्हा तीच ऑर्डर, पुन्हा तोच प्रकार. दुसऱ्या वर्षी वाळक्या बुडख्याशी खोचलेली, चिखलाने माखलेली नावाची पट्टी धुऊन वाचली: कॅलिस्टेफस चायनेन्सिस. म्हणजे चायना ॲस्टर, गुच्छातलं. ते वर्षायू, बी धरलं की संपलं. दोन वसंत मी मेलेल्या झाडाची फूट शोधत होतो! जाब विचारला तर म्हणाले, “तुम्ही ॲस्टर म्हणालात, आम्ही ॲस्टर दिलं.” खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त चिडलो.

त्यात आणखी एक गंमत. मला हवं होतं त्याचं नाव शास्त्रज्ञांनी कधीच बदललेलं. १९९४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक ॲस्टरांना नवी घरं मिळाली, आणि माझं गेलं सिम्फिओट्रिकम नावाच्या गटात. कॅटलॉगात मी भलत्याच पानावर शोधत बसलो होतो. उशिरा फुलणाऱ्या उंच सेडमचंही तेच, ते आता हायलोटेलेफियम.

तेव्हा पूर्ण लॅटिन नाव लिहून द्या: सिम्फिओट्रिकम नोव्हे-ॲंग्लिए. त्याचं भावंड नोव्ही-बेल्गी दिसायला गोड, पण भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) फार लवकर पकडते. जूनच्या मध्यापर्यंत शेंडे खुडा, झाड बुटकं राहतं आणि काठीची गरज कमी पडते. त्यानंतर मात्र कात्रीला हात लावू नका, कळ्याच जातील.

हो, सेडमला खत नको. मी लाडाने कंपोस्ट घातलं तर भर फुलोऱ्यात मधोमध भांग पाडल्यासारखं दोन्हीकडे लोळलं. आणि नर्सरीत एक फेरी ऑगस्टअखेर मारा, त्या वेळी जे फुललंय ते डोळ्यांनी बघून घ्या. हे मला सगळ्यात आधी सुचायला हवं होतं.

पट्टीवरचं नाव आता मी शिसपेन्सिलीने लिहितो, शाई उन्हापावसात उडते. या एप्रिलमध्ये माती उकरावी लागली नाही. सहापैकी पाच बुडख्यांना फूट होती. सहाव्यापाशी अजून रोज बसतो.