जुन्या गोव्याचं बॉम जीझस: पेटी बघायला जाताय? मग दुर्बीण घ्या

बॉम जीझस चर्चच्या दारातला गाईड "झेवियरसाहेबांचं दर्शन अगदी जवळून" म्हणून भरमसाट पैसे सांगतो. देऊ नका. प्रवेश फुकट आहे आणि जवळून काहीही दिसत नाही. संत फ्रान्सिस झेवियरचं शव असलेली चांदीची पेटी दक्षिणेकडच्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात), संगमरवरी थडग्याच्या माथ्यावर, मान मोडेल इतक्या उंचीवर ठेवलेली. सुट्टीच्या दिवसांत मागचा माणूस ढकलत असतो, थांबायला मिळतं ते क्षणभरच. साधी ८ बाय ४०ची दुर्बीण असेल तरच पेटीवरचं नक्षीकाम कळतं. पेटी १६३७ मध्ये गोव्यातल्याच सोनारांनी घडवली. खालचं थडगं मात्र इटलीतल्या फ्लॉरेन्सचं: टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठवलेलं, शिल्पकार फोजिनी, बसवलं १६९८ साली. पेटीपेक्षा त्याच्या ब्राँझच्या चौकटी बघा. चारही बाजूंना एकेक आहे, एका जागेवरून सगळ्या दिसत नाहीत. शव खाली उतरवतात ते साधारण दहा वर्षांनी. मागचं दर्शन २०२४-२५ च्या हिवाळ्यात होऊन गेलं.

दुसरी थाप म्हणजे "मूळचं लाल चर्च". साफ खोटं. १५९४ ते १६०५ मध्ये बांधलेल्या या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात खरवडून काढला. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पितो, म्हणून चिरे झिजलेत. देखणं म्हणतात ते खरं तर उघडं पडलेलं अंग आहे. उत्तरेच्या बाजूला भिंतीला टेकू देणाऱ्या कमानी आहेत, तिकडे वळसा घालाच. दर्शनी भागातलं काळं कोरीव काम वसईहून आणलेल्या दगडाचं. तोंड पश्चिमेला, तेव्हा उजेड दुपारनंतरचा.

आत एकच लांबलचक दालन. मुख्य वेदीवर सोन्याचा मुलामा इतका, की पहिल्यांदा काहीच वेगळं दिसत नाही. खालून वर वाचत जा: बाळ येशू, त्यावर भलामोठा इग्नेशियस लोयोला (जेझुइट पंथाचा संस्थापक), मग आयएचएस या येशूच्या नावाच्या अक्षरांचं सूर्यबिंब, माथ्यावर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे ख्रिस्ती त्रैक्य. उजव्या भिंतीवरचं लाकडी व्यासपीठ सगळे चुकवतात. त्याच्यावरचे संत एकेक करून बघण्यासारखे आहेत.

रविवारी सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांनी टाळावं. खांदे, गुडघे झाकलेले हवेत. पणजी स्टँडवरून फोंड्याकडची बस घ्या, टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत बसू नका. समोरचं से कॅथेड्रल रस्ता ओलांडला की आहेच. पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.