अ‍ॅशची लाकडं घरीच राहिली

२०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या परसातल्या अ‍ॅशच्या झाडाला पालवीच फुटेना. शेंडा आदल्या वर्षीच वाळला होता. हिवाळाभर सुतारपक्षी साल टोचत होते, त्यामुळे राखाडी बुंध्यावर फिकट पिवळे पट्टे उठले होते. मी मूळची रत्नागिरीची. आंब्याच्या खोडातून भुसा पडायला लागला की बाबा भोकात तार घालून अळी ओढून काढायचे, हे लहानपणापासून पाहिलेलं. व्हिडिओ कॉलवर त्यांना बुंधा दाखवला, तर म्हणाले, "अगं, हे भिरूडच. झाड गेलं समज."

भिरूड नव्हतं, पण झाड पोखरायची तऱ्हा तीच. एमराल्ड अ‍ॅश बोरर, जेमतेम अर्ध्या इंचाचा चकचकीत हिरवा भुंगा. मूळचा आशियातला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून अमेरिकेत आला आणि २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला. न्यू जर्सीत तो पहिल्यांदा २०१४ मध्ये सापडला, तोही आमच्याच ब्रिजवॉटरमध्ये. मेलेला अ‍ॅश ठिसूळ होतो, त्यावर चढायला माणसं तयार होत नाहीत, म्हणून आम्ही वेळ न घालवता तो उतरवून घेतला. फांद्यांचा भुगा झाला. ओंडके आम्ही ठेवून घेतले. तोडणाऱ्यानेच सांगितलं, "अ‍ॅश फार छान जळतो, कॅम्पिंगला न्या."

तेच ठरलं. जुलैत आम्ही पाच कुटुंबं न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला कॅम्पिंगला जाणार होतो. सरपण फुकट घालवायचं नाही हे माझ्या हाडात मुरलेलं. कोकणात पावसाळ्याआधी पडवीत रचलेली लाकडं म्हणजे घराची श्रीमंती.

मे महिन्यात ओंडके फोडायला बसले. एका ओंडक्याची साल हाताने ओढली तशी ती पसाभर सुटून आली, आणि मी तशीच बसून राहिले. आत नागमोडी वाटाच वाटा. वळणावर वळण, बारीक भुशाने ठासून भरलेली. झाडाचं अन्न याच थरातून खाली उतरतं, तो थरच अळ्यांनी कापून टाकला होता. सालीवर बाहेरून तीनेक मिलिमीटरची भोकं, एका बाजूने सपाट आणि दुसरीकडून गोल, इंग्रजी डी अक्षरासारखी. भुंगा बाहेर पडतो ती ही जागा. आणि सालीलगतच्या लाकडात एक चपटी, दुधी रंगाची अळी. हलत होती. झाड पाडून महिना झाला होता, तरी आतला किडा मेला नव्हता. तोडलेल्या लाकडातून पुढे एक-दोन वर्षंही भुंगे निघू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी कॅम्पग्राउंडच्या आरक्षणाचा ईमेल नीट वाचला. न्यूयॉर्क राज्यात बाहेरच्या राज्यातलं प्रक्रिया न केलेलं जळाऊ लाकूड आणायला बंदी आहे. राज्याच्या आतसुद्धा ते मूळ जागेपासून ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी कॅम्पग्राउंडला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं समजावलं. मी विचारलं, साल काढून आणलं तर? नाही. दुकानातलं सुकवलेलं लाकूड? पाकिटावर नुसतं भट्टीत सुकवल्याचं लिहिलेलं असेल तर चालणार नाही. न्यूयॉर्कने मान्य केलेल्या उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा. ती प्रक्रिया म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ७१ अंश सेल्सिअस, सलग ७५ मिनिटं. नुसत्या सुकवण्यात एवढी उष्णता गाभ्यापर्यंत पोचेलच असं नाही.

आमच्याकडच्या तीन दुकानांत पाकिटं उलटसुलट करून पाहिली. एकावरही तो शिक्का नव्हता.

खरा वेळ गेला तो आम्हा पाच कुटुंबांच्या ग्रुपवर. "चार लाकडांनी काय होतंय?" असं एकाने लिहिलं. त्याला दोष देत नाही, महिन्यापूर्वी मीही तेच म्हटलं असतं. मी सालीचा आणि त्या अळीचा फोटो टाकला. लिहिलं की हा भुंगा आपल्या पंखांनी फार लांब जात नाही, आपण मात्र त्याला चार-पाच तासांत साडेतीनशे किलोमीटर पोचवू. एकट्या अ‍ॅशचाही प्रश्न नाही. आशियाई लांब शिंगांचा भुंगा १९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये सापडला, तो मेपल खातो, आणि लेक जॉर्जकडचे अ‍ॅडिरॉन्डॅकचे डोंगर शरद ऋतूत लाल होतात ते मेपलमुळेच. थोड्या वेळाने त्याच मित्राचा निरोप आला, "ठीक आहे, तिथेच घेऊ."

लेक जॉर्जच्या अलीकडे रस्त्याकडेला एका टपरीवर लाकडाच्या मोळ्या होत्या. प्रत्येकीवर विकणाऱ्याचं नाव, गाव आणि काउंटी. तिथून कॅम्पग्राउंड पंधरा मैलांच्या आत. चिठ्ठ्या जपून ठेवल्या. फाटकावर रेंजरने त्या पाहिल्या आणि मान डोलावून आत सोडलं. दोन रात्री शेकोटी झाली, निखाऱ्यांवर कणसं भाजली. निघताना उरलेली अर्धी मोळी शेजारच्या तंबूत दिली, परत गाडीत घातली नाही. गाडी निघण्याआधी चाकांच्या खोबणीत आणि तंबूच्या घड्यांत मी हात फिरवून पाहिलं. पेनसिल्व्हेनियात २०१४ मध्ये सापडलेली स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही झाडांचा रस शोषणारी कीड तोवर न्यू जर्सीतही आली होती, आणि तिची अंडी सुकलेल्या चिखलाच्या डागासारखी कुठेही चिकटलेली असतात. जुलै हा अंड्यांचा महिना नव्हे, पण हाताला सवय लागलेली बरी.

परसातला ढीग जिथल्या तिथे जाळला. तीन घरं सोडून राहणाऱ्या काकांनी मागितला, त्यांना मात्र दिला. त्यांच्या आवारातले अ‍ॅश आधीच गेलेले होते. नोव्हेंबरपर्यंत शेवटचा ओंडका संपला.

घरासमोर आमचा आणखी एक अ‍ॅश आहे, लहान, तेव्हा पाऊण शेंडा हिरवा असलेला. परवानाधारक माणसाकडून त्याच्या बुंध्यात औषध टोचून घेतलं. दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा द्यावं लागतं, खर्चही बराच येतो. दर वसंतात बाबा आधी त्याचीच चौकशी करतात, आणि मी फोन घेऊन अंगणात जाते, पालवी दाखवायला.